घाटावरून घाटाखाली : दोन सायकली, सात दिवस

सह्याद्रीचा डोंगर हा आपल्या भागातील कितीतरी घरांचा मधला उंबरठा आहे. खानापूर तालुक्यातील खेड्यांतून घाटाखालच्या लेकी सुना होऊन नांदतात, आणि इकडच्या लेकी सत्तरी-डिचोलीकडे दिल्या जातात. लग्नास, बारशास आणि मयतास हा उंबरठा ओलांडला जातो. एरवी तो दोन्ही बाजूंनी नुसता निळा दिसत असतो. आमच्या सौ.चे माहेर साखळीनजीक. लग्नास छत्तीस वर्षे झाली. या छत्तीस वर्षांत आम्ही उभयतां चोर्ल्याचा घाट किती वेळा उतरलो-चढलो याची गणती नाही. पण प्रत्येक वेळी बसमध्ये, वळणांच्या भीतीने डोळे मिटून आणि तोंडाला पदर किंवा रुमाल लावून. ज्या वाटेने आपले निम्मे गोत राहते ती वाट आपण कधी पाहिलीच नाही, ही गोष्ट आमच्या मनास फार दिवस टोचत होती.

यंदा योग जुळून आला. सासूबाईंचा जन्म १९४० सालचा. तारीख साखळीकडच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे. त्यांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होत होती, आणि त्यांच्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी आमच्या सौ. साठीत पदार्पण करणार होत्या. सुगी आटोपली होती, भात कणगीत पडले होते. घरात दोन गिअरच्या सायकली होत्या. मुलाने नोकरीच्या गावी नव्या घेतल्या तेव्हा जुन्या आमच्याकडे पाठविल्या होत्या, आणि आम्ही बाजारहाटास त्याच वापरीत होतो. "अहो, आईकडे या वेळी सायकलीने गेलो तर?" असे सौ.नी भाकरी थापता थापता विचारले, तेव्हा आम्हांस ती थट्टाच वाटली. पण त्या लहानपणी भावाच्या सायकलीवर शिकलेल्या. बोलल्या ते करून दाखविणार हे आम्ही जाणून होतो. मुलांनी फोनवरून पुष्कळ विरोध केला. त्यावर दोन महिने रोज पहाटे खानापूरच्या रस्त्यावर सराव करून आम्ही उत्तर दिले.

सोमवारी उजाडण्यापूर्वी निघालो. कॅरिअरला बांधलेल्या पिशव्यांत दोन दोन कपडे, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे सामान, गूळ-शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या आणि सासूबाईंसाठी बेळगावचा कुंदा. जांबोटीपर्यंतचा रस्ता शेतांमधून जातो. कापलेल्या भाताच्या पेंढ्यांचा ओलसर वास, काजूच्या बागा, धुक्यात हरवलेली गुरे, हे सारे बसच्या खिडकीतून क्षणार्धात मागे पडते. सायकलवर मात्र प्रत्येक घराची कवाडे दिसतात आणि अंगणातला माणूस विचारतो, "कुठवर पाव्हणं?" जांबोटीच्या पुढे रान दाट होते. दक्षिणेकडील अरण्य म्हणजे भीमगड अभयारण्य. ते २०११ साली घोषित झाले. तेथील बारापेडे गुहांत राहणारे एक दुर्मिळ वटवाघूळ पुष्कळ वर्षे जगात दुसरीकडे कोठेच नाही असे मानले जात होते. आपल्या तालुक्यात असे धन आहे हे आपल्या मुलांना कितीदा सांगितले जाते?

जांबोटीपासून कणकुंबी सोळा किलोमीटर. तेथे ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम पाहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर निघालेले हे पाणी पूर्वेस वळते, सौंदत्तीचे धरण भरते, पट्टदकल आणि ऐहोळे यांच्या मंदिरांजवळून वाहते आणि सुमारे ३०४ किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. म्हणजे शेवटी ते बंगालच्या उपसागरास जाते. आणि याच कणकुंबीच्या परिसरात उगवणारा कळसा नाला पश्चिमेस उतरून म्हादईला मिळतो, आणि पणजीजवळ अरबी समुद्रास जातो. एकाच पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि एकाने पूर्वेचा, एकाने पश्चिमेचा समुद्र गाठावा, अशी ही जागा आहे.

याच पाण्यावरून राज्याराज्यांत भांडण आहे हे वाचकांस ठाऊक आहेच. कणकुंबीत त्यासाठी खणलेला कालवा रस्त्याजवळच दिसतो. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला, त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्यासारख्यांची येथे मोठी पंचाईत होते. आमचे शेत मलप्रभेच्या बाजूस, आणि सौ.चे माहेर म्हादईच्या बाजूस! कोणाचा पक्ष घ्यावा? सौ. एवढेच म्हणाल्या, "डोंगर दोघांनाही देतोय. आधी डोंगर राहू दे म्हणजे झाले." रान टिकले तर दोन्ही नद्या टिकतील, हे एवढ्या थोड्या शब्दांत आम्ही दुसरीकडे ऐकले नव्हते.

चोर्ल्यापुढे उतार लागला. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा येथे जवळजवळ येतात. खाली म्हादई अभयारण्याचे रान पसरलेले. १९९९ साली राखीव झालेले हे रान सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. एका वळणावरून अंजुणे धरणाचे पाणी आरशासारखे लकाकताना दिसले. सौ. सायकल थांबवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. "हे इतक्या वर्षांत मी पाहिलेच नव्हते," असे म्हणून त्यांनी डोळे टिपले. उतारावर घाई करावयाची नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. दोन्ही ब्रेक सतत आवळून धरले तर चाकाची कड तापते. म्हणून थोडे दाबावे, थोडे सोडावे, आणि मधून मधून उतरून चाकांस निवू द्यावे. केरीस पोचलो तेव्हा अंगातील स्वेटर नकोसा झाला होता. सकाळी धुक्याची थंडी, दुपारी समुद्राकडचा दमट उकाडा! डोंगराची ही किमया पायांनीच कळते.

सासूबाई ओसरीवर वाट पाहत होत्या. दोन सायकली अंगणात शिरलेल्या पाहून त्या प्रथम रागावल्या, मग हसल्या, आणि मग लेकीच्या पायांवरून हात फिरवीत बसल्या. बुधवारी विश्रांतीच्या निमित्ताने सर्वांस घेऊन हरवळ्यास गेलो. पाणी बारीक झाले होते, तरी धबधब्याचा गारवा होता. जवळच जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. सासूबाई वर चढल्या नाहीत, खाली सावलीत बसून राहिल्या. पण प्रत्येकाने काय पाहिले ते परत आल्यावर तपशीलवार विचारून घेतले.

गुरुवारी वाढदिवस झाला. सान्ना, कोंबडीचे शागुती, दोदोल, शेजाऱ्यांनी आणलेला केक आणि आमचा कुंदा. जन्मात कधी वाढदिवस साजरा न झालेल्या बाईस एवढ्या माणसांत मधोमध बसविले, तेव्हा त्या संकोचून गेल्या. जेवणे झाल्यावर नातवंडांनी जुन्या गोष्टी सांगण्याचा हट्ट धरला, आणि त्यांनी थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली. ही बहीण १९५३ साली घाटावर दिली गेली. त्या काळी घाटाखाली पोर्तुगीजांचे राज्य, वर भारताचे. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सीमेवर पहारे बसले, आणि बहिणीचे माहेर तुटले. वडील वारले तेव्हा तिला निरोप पोचला तो महिन्याने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि थोड्याच दिवसांत ती दोन मुलांस घेऊन घाट पायी उतरून आली. एक लेकरू कडेवर, एक बोटाशी. दारात येऊन उभी राहिली ती वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत.

सगळे स्तब्ध झाले. सासूबाई मग लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाय, तेव्हा वाट बंद होती, आणि माणसे येण्यासाठी तडफडत होती. आता वाट उघडी आहे, आणि कोणास सवड नाही. माझ्यामागे हा घाट उतरून कोण गे येणार?"

या प्रश्नास कोणी उत्तर दिले नाही. त्यामागचे कारण घरातील सर्वांस ठाऊक होते. मेव्हण्यांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही वर्षे चालून २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि ट्रक विकावा लागला. थोरला मुलगा परदेशी बोटीवर गेला. धाकटा सतरा वर्षांचा. तोही शिक्षण संपताच जाणार असे सारे धरून चालले होते. त्याने आत्याचे घर पाहिले होते ते मांडीवरचा असताना. रात्री हाच मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "उद्या मीही वर येतो. माझीही सायकल आहे."

शुक्रवारी तिघे निघालो. शनिवार-रविवारी या घाटात मोटारींची गर्दी फार होते, म्हणून हा दिवस मुद्दाम निवडला होता. केरीपासून माथ्यापर्यंत सुमारे सातशे मीटर चढावयाचे. भाचा प्रथम वाऱ्यासारखा पुढे गेला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर दम लागून दगडावर बसलेला सापडला. सौ.नी त्यास सर्वांत हलका गिअर घालावयास लावला, पाय न थांबविता सावकाश फिरवावयास शिकविले, आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने चालावयाचे असे बजावले. जेथे चढ फार उभा तेथे आम्ही तिघेही उतरून सायकली ढकलीत चाललो. त्यात कमीपणा कसला? ज्या वाटेने त्याच्या आजीची बहीण लेकरे घेऊन उतरली, त्याच डोंगरावर तो घाम गाळीत होता. वाटेत त्याने आत्यास जितके प्रश्न विचारले तितके आजवर विचारले नसतील. माथ्यावर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिले आणि विचारले, "आपले घर कुठल्या बाजूस?" दोन टेकड्यांमधल्या निळसर पट्ट्याकडे सौ.नी बोट दाखविले.

शनिवारी कणकुंबीस सौ.चा साठावा वाढदिवस उगवला. केक नव्हता, मेजवानी नव्हती. यजमानीणबाईंनी नाचणीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. आम्ही तिघे उगमापाशी गेलो, नंतर परवानगी आहे तेथवर रानाच्या कडेने चालत माळावर गेलो. एका बाजूस घाटावरचा सपाट मुलूख, दुसऱ्या बाजूस कोकणात कोसळणाऱ्या दऱ्या. भाच्याने आजीस फोन लावून विचारले, "आजी, तुझी बहीण राहत होती ते गाव कोणते?" पलीकडून पुष्कळ वेळ बोलणे चालले होते. साठ वर्षांच्या बाईस याहून चांगली भेट कोण देऊ शकले असते?

रविवारी मोटारींची वर्दळ सुरू होण्याआधीच जांबोटी गाठली आणि दुपारच्या जेवणास घरी पोचलो.

वाचकांपैकी कोणास असा प्रवास करावयाचा झाल्यास थोडे सांगावेसे वाटते. पावसाळ्यात हा घाट सायकलीने मुळीच करू नये. कणकुंबीकडे पाऊस विलक्षण पडतो, दरडी येतात, धुक्यात मोटारवाल्यास सायकल दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस उत्तम. निघण्यापूर्वी ब्रेक आणि चेन जाणत्याकडून तपासून घ्यावी. अंगात भडक रंगाचा सदरा असावा. पहाटे निघून उन्हे तापण्यापूर्वी चढ संपवावा. रानात शिरण्यास वनखात्याची परवानगी लागते, ती घ्यावी. आणि साठीच्या आसपास असाल तर दोन महिने आधीपासून सराव करावा, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परंतु सायकल हे केवळ निमित्त. बसने जा, पायी जा, कसेही जा. वाट उघडी आहे तोवर जा. नुसता डांबरी रस्ता झाला म्हणून गावे जोडली जात नाहीत. त्यावरून माणसे गेली-आली तरच ती जोडलेली राहतात.

भाचा रविवारी आमच्याकडे राहिला आणि सोमवारी बसने परत गेला. सायकल बसच्या टपावर टाकून देतो असे आम्ही म्हणालो, तर ऐकेना. "ती इथेच ओसरीवर असू द्या. न्यायला मला यावे लागेल," असे म्हणाला. सासूबाईंना हे कळले तेव्हा त्यांनी फोनवर एवढेच विचारले, "पावसात भिजत नाही ना ती?" सायकल आत, कणगीशेजारी ठेवली आहे.