पेटीची पट्टी

आमच्या भाईंदरच्या घरात आजीची सागवानी पेटी गेली चाळीसएक वर्षे एकाच भिंतीशी उभी आहे. वडील दर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, तिला तपकिरी ऑइलपेंट फासत. लाकूड, पितळी पट्ट्या, कडी-कोयंडा, सर्वांवरून एकच ब्रश फिरे. वडील गेले, इमारत पुनर्विकासाला जाणार हे नक्की झाले, आणि नव्या घरात पेटी न्यायची तर तिच्या मूळ रूपात न्यायची, असे मी ठरवून टाकले.

‘मूळ रूप’ हा शब्द वर्गात मी जपून वापरतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथांच्याही मागे जाण्याच्या ईर्ष्येने आपली प्रत छापली. या दोन घटनांमध्ये ‘मूळ’ म्हणजे काय, हे मुलांना सांगताना माझे दोन तास सहज जातात. घरी मात्र हातात पक्कड आली आणि ही सारी सावधगिरी गळून पडली.

पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील, असा माझा समज होता. कोपऱ्यातल्या पट्टीखाली पक्कड घालून मी जोर लावला. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर नखाएवढा सागाचा ढलपाही निघाला. ते खिळे नव्हतेच. लाकडातून आरपार जाऊन आतल्या बाजूने ठोकून पसरवलेले पितळी रिव्हेट होते. खिळा उपसता येतो, स्क्रू फिरवून काढता येतो. रिव्हेटला मात्र परतीची वाटच ठेवलेली नसते. त्याचे एक टोक नष्ट केल्याखेरीज तो सुटत नाही.

मग एक मेस्त्री बोलावले. गाव सिंधुदुर्गातले. पेटी पाहण्याआधी त्यांनी तो ढलपा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “सर, रिपीट कधी ओढायचा नसतो.” त्यांचे वडील गावाकडे शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करीत. दस्ता घासायचा तर त्यावरचे लोखंड-पितळ आधी उतरवावे लागे आणि तिथेही हाच नियम. बाहेरचे घडीव डोके शाबूत ठेवायचे, आतले ठोकलेले टोक कानशीने सपाट करायचे, मधोमध सुंब्याने खूण करून ड्रिलने फक्त पसरलेली कड कापायची, खालून लाकडाला आधार द्यायचा आणि उरलेला दांडा हलक्या हाताने मागे ढकलायचा. घाई केली की ड्रिल घसरते आणि लाकडावर कायमचा ओरखडा उठतो.

प्रत्येक पट्टीच्या मागे त्यांनी पेन्सिलीने आकडा घातला. पट्ट्यांखाली हिरवट-काळे डाग होते. ऑइलपेंटच्या थरांखाली जुने पॉलिश लागले. त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवताच ते चिकट झाले, म्हणजे ते चपड्याचे. इथपर्यंत माझे ‘मूळ’ अगदी हाताशी आले होते.

झाकणावरची मधली रुंद पट्टी शेवटी निघाली. तिच्या आतल्या बाजूला इतर रिव्हेटांसारख्या पितळी चकत्या नव्हत्या, तर पत्र्याचे कापलेले वेडेवाकडे तुकडे होते. ते निघाले तसे त्यांच्याखालून दोन नाणी हातात आली: मधोमध मोठे भोक असलेला, युद्धकाळातला तांब्याची काटकसर करणारा पैसा. चौसष्टांचा रुपया होई तो. मुकुटाखाली साल वाचता आले, १९४४. भोक रिव्हेटपेक्षा मोठे, म्हणून वर पत्रा. आणि पट्टीच्या जागी झाकणाला लांबलचक चीर.

हस्तलिखितात एखाद्या राजाचे नाव आले की ते लिखाण त्या राजाच्या आधीचे असू शकत नाही. ही पट्टीही १९४४ च्या आधीची नव्हे. आजीच्या लग्नात ती तशीच आली, ही घरातली कथा तिथेच संपली.

मी आईला नाणे दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मामंजींनी स्वतः ठोकलीय ती.”

आजोबा मुंबईत गिरणीत होते, आजी गावी. एका खेपेला ते आले आणि पेटीची किल्ली मागितली. आजीने दिली नाही. त्यांनी कुऱ्हाडीने झाकण फोडले, पाटल्या घेतल्या आणि निघून गेले. पुढच्या खेपेला पितळेची पट्टी घेऊन आले आणि दिवसभर ओसरीवर बसून त्यांनी ती बसवली. “सासूबाई सांगायच्या, त्या दिवशी जेवायलासुद्धा उठले नाहीत. पण त्यानंतर पेटीत त्यांनी गोधड्यांशिवाय काही ठेवलं नाही.”

“बाबांना ठाऊक होतं?”

“त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.”

मेस्त्रींचे म्हणणे सरळ होते. चिरेत सरस आणि लाकडाचा भुसा भरू, घासू, पॉलिश करू, काही कळणारही नाही. ही पट्टी नंतरची आहे, काढून टाका. माझ्याच तत्त्वानुसार ते बिनतोड होते. प्रक्षिप्त ते गाळावे. मी आईकडे पाहिले. “चीर बुजवू नका,” ती मेस्त्रींना म्हणाली, “आणि पट्टी होती तिथंच लावा.”

काम जानेवारीत उरकले. पावसाळ्यात आमच्या खाडीकाठच्या हवेत चपड्याचे पॉलिश पांढरे पडते. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातून पितळी सळी आणली. मेस्त्रींनी ती तापवून पाण्यात बुडवली, नाहीतर ठोकताना पितळ तडकते. दांडा जाडीच्या दीडपट बाहेर ठेवून, डोक्याला खालून खोलगट आधार देऊन, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकायचे, असे त्यांनी करून दाखवले. कोपऱ्यातला ढलपा त्यांनी चिकटवून दिला, जोड दिसतो.

मधल्या पट्टीसाठी ते नव्या चकत्या घेऊन आले होते. मी त्यांना ते दोन पैसे दिले. त्यांनी भोकात बोट घालून पाहिले, जुन्या पत्र्याचेच तुकडे पुन्हा सरळ केले आणि शेवटचा रिव्हेट ठोकायला हातोडी माझ्या हाती दिली. तो थोडा वाकडा बसला आहे.