वारसाची नोंद आणि घरातल्या लेकी-सुना



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि कांद्यावरच्या करप्याबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. घरातला सातबारा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती मोठ्याने वाचा. आपल्या नगर जिल्ह्यात (2024 पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जिभेची जुनी सवय जात नाही) खुरपणी, कांदा लागवड, गाईंच्या धारा ही कामे बहुतेक घरांत बायकांच्या अंगावर असतात. उताऱ्यावर मात्र त्यांची नावे शोधावी लागतात. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या 100 वहितीदारांमागे महिला जेमतेम 14 भरल्या.

मी बी. एस्सी. ॲग्री. राहुरीला जमिनीचा सामू आणि पिकांचे रोग शिकलो. फेरफार म्हणजे काय ते शिकलो नोकरी लागल्यावर, गावोगाव फिरताना. कोणत्याही योजनेचा अर्ज आला की आम्ही आधी सातबारा आणि आठ-अ मागतो. ठिबक असो, शेततळे असो, कांदाचाळ असो. सोसायटीचे पीककर्ज घ्यायचे तरी तेच. ज्याचे नाव कागदावर नाही तो सरकारच्या लेखी शेतकरीच नाही, मग त्याच्या हाताला कितीही घट्टे पडलेले असोत.

काही वर्षांपूर्वी पारनेर भागातली एक विधवा बाई कांदाचाळीचा अर्ज घेऊन आली. नवरा वारून सहा वर्षे झाली होती, पदरी दोन मुले. अडीच एकर ती स्वतः कसत होती. सातबारा पाहिला तर त्यावर तिच्या दोन्ही दिरांची नावे. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. ते आदल्या वर्षी गेले आणि वारसाची नोंद करताना फक्त हयात असलेले दोन मुलगे दाखवले गेले. मी म्हणालो, "ताई, या कागदावर तुमचा अर्ज घेता येणार नाही." ती म्हणाली, "साहेब, मग सहा वर्षं मी कुणाच्या रानात राबले?"

उत्तर कायद्यात आहे, ते तिला कोणी सांगितले नव्हते. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे सारखे वारस होतात. एखादा मुलगा बापाच्या आधी गेला असेल, तर त्याचा वाटा त्याच्या विधवेला आणि मुलांना मिळतो. हा 1956 चा हिंदू वारसा कायदा आहे, कालपरवाचा नव्हे. ज्या हिंदू कोड बिलातून तो पुढे आला, ते रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली कायदामंत्रिपद सोडले होते, हेही ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सातबारा हा मालकी देणारा कागद नव्हे. महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेली ती नोंद आहे. नाव गळाले म्हणून हक्क मरत नाही. मरत नाही हे खरे, पण नावाशिवाय तो वापरताही येत नाही, आणि वर्षे गेली, जमीन विकली गेली, की भांडण अवघड होत जाते.

त्या बाईंच्या बाबतीत कामाला आली ती सासू. म्हातारी स्वतःही वारस होती आणि तिचेही नाव घातलेले नव्हते. ती सुनेबरोबर तालुक्याला आली. मंजूर झालेला फेरफार तलाठ्याला बदलता येत नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. वकिलाला पैसे नव्हते. पण 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तेथे अर्ज करायचा. चौदा महिने गेले. नावे लागली. दीर अजून बोलत नाहीत, आणि विहिरीच्या पाळीवरून कुरकुर चालूच असते.

पुढचे सांगितले नाही तर गोष्ट अर्धी राहील. त्या घरात दोन नणंदाही होत्या, लग्न होऊन दिलेल्या. त्याही तितक्याच वारस. अपिलाच्या वेळी मी विचारले तर बाई म्हणाल्या, "त्यांचं त्या बघतील." म्हातारीही गप्प बसली. मला नवल वाटले नाही. सुनेचा हक्क आपल्याला पोटाच्या मार्गाने तरी पटतो. लेकीचा हक्क म्हटला की घरातली सगळी माणसे, बायकासुद्धा, एका बाजूला होतात.

लेकीबद्दलचा कायदा टप्प्याटप्प्याने बदलला आहे. 1956 साली तिला बापाच्या वाट्यात वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने तो 1994 साली मुलींना दिला. आधी लग्न झालेल्या मात्र वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लेक लेकाच्या बरोबरीला आली, लग्न झालेले असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र उकरून काढता येत नाहीत. अकोले तालुक्यातल्या आदिवासी बांधवांना आणि मुस्लिम कुटुंबांना हा कायदा थेट लागू नाही. त्यांनी त्याच समितीत आपल्यापुरता सल्ला घ्यावा.

कायदा असा असूनही लेकीचे नाव का दिसत नाही? हक्कसोडपत्रामुळे. बाप गेल्याच्या दुःखात बहीण माहेरी आलेली असते, भाऊ म्हणतो, "ताई, एक सही लागते." ती करते. कारण नाही म्हटले तर दिवाळीला साडी-चोळी आणि चार दिवसांचे माहेर, दोन्ही बंद. काही बहिणी मनापासून सोडतात, त्यांचा तो अधिकार आहे. पण कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवले गेले का, किती एकर सोडली हे तिला कळले का, एवढे तरी भावाने पाहावे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मोडणे फार कठीण असते. फसवणूक झाली असेल तर मुदतीत दिवाणी कोर्टात जावे लागते.

हयातीतच नाव लावण्याची वाटही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. 1992 साली सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याची तयारी असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. अट तयारीचीच, आणि गाडे तिथेच अडते. एका बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "उद्या तिनं विकली तर?" मागून त्यांच्या बाईंचा आवाज आला, "मागल्या साली अर्धा एकर कुणी विकला?" बैठक बराच वेळ हसत होती. नाव अजून लागलेले नाही.

घरात कोणी गेले तर वारसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. सोबत मृत्यूचा दाखला, आणि सगळ्या वारसांची यादी: आई, पत्नी, मुलगे, मुली, आधी गेलेल्या मुलाची बायको व मुले. मग फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. ती नोटीस फारसे कोणी वाचत नाही. घरात शाळा शिकलेली लेक असेल तर तिला चावडीवर पाठवा आणि यादीत कोणाकोणाची नावे आहेत ते घरी येऊन सांगायला लावा.