तीन कोसंबी

आधीच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, हे मी अजून बाबांना विचारते. तेव्हा चुकलंमाकलं तर पोटात घाला! पण ही गोष्ट बाबांना विचारलेल्या एका प्रश्नापासूनच सुरू झाली, म्हणून ती मराठीतच लिहायची होती.

टी.ई.च्या प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने फेस रेकग्निशन घेतलं. एक फोटो म्हणजे हजारो आकडे. चेहरे एकमेकांपासून ज्या मोजक्या दिशांनी सर्वात जास्त वेगळे पडतात तेवढ्याच शोधायच्या, की अख्खा चेहरा पन्नासेक आकड्यांत मावतो. पुस्तकात याच्यामागे कारहुनेन-लोएव अशी दोन नावं होती. नेटवर एके ठिकाणी त्यांच्या आधी तिसरं नाव दिसलं... कोसंबी!

“बाबा, कोसंबी कोण?”

“इतिहासकार!” म्हणत बाबांनी कपाटातून त्यांचं भारताच्या इतिहासावरचं पुस्तक काढलं. मूळ 1956 सालचं. मी राहुरीला ॲग्री शिकणाऱ्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी रोज असतो! क्रोमोसोमवर दोन जीन्समधलं अंतर काढायला हाल्डेन किंवा कोसंबी, यातला एक फॉर्म्युला निवडायचा.”

तिघांचे तीन कोसंबी. आणि माणूस एकच! दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्यातला. 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेतली आणि पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. तिथे असतानाच, 1943 मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा तो पेपर आला. जीन्सचा फॉर्म्युला 1944 चा. त्याच काळात ते जुनी नाणी काट्यावर तोलत होते. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज येतो. कारहुनेन आणि लोएव यांनी तीच कल्पना काही वर्षांनी स्वतंत्रपणे मांडली. पुस्तकांत त्यांची नावं बसली. महायुद्धाच्या धामधुमीत भारतातलं जर्नल युरोपात कोण वाचणार?

आमचे सर एच-इंडेक्सबद्दल नेहमी सांगतात. हर्श नावाच्या फिजिसिस्टने तो 2005 मध्ये काढला. तो 10 असेल तर तुमच्या किमान दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स आहेत. मला प्रश्न पडला, कोसंबींचा कसा मोजणार? नाण्यांचे पेपर इतिहासवाले वाचणार, जीन्सचे शेतकीवाले. शिवाय फॉर्म्युला एकदा पुस्तकात गेला की लोक पुस्तकाचाच संदर्भ देतात. ताई रोज ‘कोसंबी’वर क्लिक करते. “तो 1944 चा पेपर वाचलास का?” विचारलं तर नुसती हसली.

गंमत पुढेच आहे. 1931 मध्ये, अलिगढला असताना, आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका पेपरमध्ये बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचा संदर्भ दिला. असा माणूस नव्हताच! नुसती थट्टा. पुढे वेल आणि त्याच्या मित्रांनी तेच नाव घेऊन पुस्तकं लिहिली आणि बुर्बाकी जगभर गाजला. जो नव्हताच त्याचं नाव राहिलं. ज्याने काम केलं त्याचं मात्र पुस्तकातून गळालं.

हे वाचून मी हसले. आणि मग आमचा स्वतःचा पेपर उघडला...

कॉन्फरन्सला विद्यार्थ्यांची चारच नावं चालणार होती. आमची चौथी मैत्रीण वडिलांच्या आजारपणामुळे सेमिस्टर अर्धवट सोडून गावी गेली होती. तिच्या जागी आम्ही ज्याचं नाव टाकलं, त्याने एक ओळही लिहिली नव्हती. फीचा चौथा हिस्सा मात्र त्याने भरला होता. आणि तिने काय केलं होतं? चाळीस जणांचे फोटो काढून, प्रत्येकाचे डोळे एकाच जागी येतील असे एकेक करून कापले होते. “ते काय, क्लार्कचं काम,” असं म्हणणारी मीच. प्रत्यक्षात डोळे जागेवर नसतील तर हे गणित चेहऱ्याऐवजी धुकं दाखवतं. आमचा रिझल्ट चांगला आला तो तिच्या कापाकापीमुळे.

त्या रात्री ग्रुपमध्ये भांडण झालं. “पैसे परत कोण देणार?” आम्ही तिघांनी वाटून दिले. माझा महिन्याचा पॉकेटमनी गेला. फायनल कॉपीवर चौथं नाव आता तिचं आहे. फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “स्पेलिंग नीट लिहिलंस ना?”

तो मित्र कॅन्टीनमध्ये अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा, नाव टाकायला आम्हीच ‘हो’ म्हटलं होतं. आणि हो, संदर्भांच्या यादीत पहिला आहे कोसंबी, 1943. तो पेपर शोधून, जेवढा समजला तेवढा वाचून मगच टाकलाय!