शंका चहाच्या सुट्टीत

आज आयटेकच्या वर्गात अंदाजपत्रक शिकवलं. परदेशी अधिकाऱ्यांसाठीची भारत सरकारची ही प्रशिक्षण योजना १९६४ पासून सुरू आहे. त्यामुळे घाना, व्हिएतनाम, उझबेकिस्तानचे अधिकारी एका रांगेत बसतात. "काही शंका?" म्हटलं की घानाचे गृहस्थ लगेच बोलू लागतात, व्हिएतनामच्या बाई नुसती मान डोलावतात. चहाच्या सुट्टीत मात्र त्याच हळूच वही पुढे करतात. तिसऱ्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला असतो.

हॉफस्टीड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर कोणता समाज किती मानतो, हे त्याने आकड्यांत मांडलं. आकडे उपयोगी खरेच, पण देशाच्या सरासरीवरून समोरचा माणूस कळत नाही. आणि आपल्याकडे तरी साहेबांपुढे कितीजण तोंड उघडतात?

म्हणून हल्ली मी आधी तिघातिघांना आपसांत बोलायला लावते आणि गटाची शंका चिठ्ठीवर मागते. गटाच्या नावाने विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिवाय बोलक्यांनाही दोन मिनिटं ऐकून घ्यावं लागतं, हा वरचा फायदा.