गाडीचा सुसकारा

मोटारीच्या खडखडाटाची दखल तत्काळ घेतली जाते. लोखंडावर लोखंड आदळू लागले की निष्काळजी मनुष्यही गाडी थांबवून खाली वाकतो. सुसकाऱ्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. तो हवेचा आवाज. कुठून तरी वायू बाहेर पडतो आहे किंवा आत ओढला जातो आहे, एवढेच तो सांगतो. आणि काचा बंद, पंखा चालू, मागे नातवंडांची गडबड, अशा वेळी तेवढेही कानी पडत नाही.

सांगलीच्या एका निवृत्त गृहस्थांच्या आठ वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीत असा सुसकारा सुरू झाला. दिवाळीनंतर राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून सहकुटुंब कोकणात जाण्याचा बेत होता. पहिल्या गॅरेजमध्ये निदान झाले ते एसीचा गॅस गळत असल्याचे. गॅस भरला गेला, पैसे दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी आवाज होता तसाच राहिला. वस्तुतः एसी बंद केल्यावर डॅशबोर्डामागून क्षणभर येणारा सुसकारा निकोप गाडीतही ऐकू येतो. दाबाखालचा गॅस दोन्ही बाजूंना समतोल साधत असतो, इतकेच.

जुन्या काळी बँकेत तेरीज जुळत नसली की अनुभवी हेडक्लार्क आधी फरकाची रक्कम पाहत असे. तिला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती नोंद उलट्या बाजूस पडलेली असण्याचा संभव. सगळी खातेवही उलगडण्याची वेळ त्यानंतरची. सुसकाऱ्याचा हिशेबही याच रीतीने मांडावा लागतो. तिथे फरकाच्या रकमेची जागा एक प्रश्न घेतो: आवाज नेमका केव्हा येतो?

दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी हेच विचारले. "काका, वेग वाढवल्यावर येतो की उभ्या गाडीतसुद्धा?" वेग वाढल्यावरच येणारा आवाज बहुधा वाऱ्याचा असतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तिथले रबर बसले आहे. (नोटेनेही हे जमते, परंतु नोटेला असे वागवू नये.) गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून फुसफुस येत असेल तर कूलंट गळून तापलेल्या भागावर पडत असण्याचा संशय घ्यावा. त्या वेळी रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. आतले पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते वाफेसकट अंगावर येते. इंजिन चालू असताना सतत सुसकारा आणि आयडलिंग अस्थिर, असे असेल तर व्हॅक्यूमची एखादी रबरी नळी चिरलेली असू शकते. बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा कानाशी धरून दुसरे टोक नळ्यांजवळून फिरवले की जागा सापडते. फक्त पंखा आणि पट्टा यांपासून हात दूर हवा.

गृहस्थांचे उत्तर निराळे होते. आवाज पायाशी येत होता, ब्रेक दाबला की सुरू आणि सोडला की बंद.

मिस्त्रीचा चेहरा बदलला. ब्रेकच्या पेडलपुढे, बॉनेटखाली एक गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्यातील पडद्याच्या एका बाजूला इंजिनाने निर्माण केलेला व्हॅक्यूम असतो; पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तो दाब पायाच्या जोरात भर घालतो. दाबतानाचा क्षणिक सुसकारा म्हणूनच स्वाभाविक असतो. पेडल स्थिर धरूनही तो चालूच राहिला तर पडदा किंवा आतील व्हॉल्व्ह गळत असतो. परीक्षा घरच्या घरी करता येते. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जाते. या गाडीचे तसूभरही हलले नाही.

बूस्टर निकामी झाला म्हणून ब्रेक नाहीसा होत नाही. पेडल दगडासारखे होते आणि तेवढ्याच थांबण्यासाठी कितीतरी पट जोर लागतो. साठीपुढच्या पायाला गर्दीने भरलेली गाडी घाटाच्या वळणावर असा जोर किती वेळा देता येईल, याचा विचार गॅस भरणाऱ्याने केलेला नव्हता. केवळ नळी फाटली असती तर थोडक्यात भागले असते. गळका बूस्टर मात्र उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही, तो पूर्ण बदलावा लागतो. तसा तो बदलला गेला आणि प्रवास चार दिवस पुढे ढकलला गेला. घरात थोडी कुरकुर झाली.

मिस्त्रीने गाडी देताना घाटात इंजिन बंद न करण्याची ताकीदही दिली. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर चावी फिरवणारे लोक अद्याप आहेत. इंजिन बंद झाले की बूस्टरमधला शिल्लक व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठा आपोआप थांबतो. त्यामुळे त्या बचतीत वाचत काहीच नाही.