पाणी उकळलं होतं का?

ठाणाकुशनूरच्या शिवारात नांगरट झाली की काळ्या रानातून पांढऱ्या गारगोट्या वर येतात. सुट्टीत गावी आलेल्या भूवैज्ञानिक ताईच्या हातात त्यातली एखादी कुणी ना कुणी ठेवतंच. प्रश्नही ठरलेला : "ताई, ह्यात सोनं हाय का?" ती हे हसण्यावारी नेत नाही. भिंग काढते, दगड ओला करते, उन्हाकडे धरते. सोन्याची चमक ती शोधतच नाही, कारण भरघोस सोन्याच्या दगडातही ते बहुधा डोळ्यांना दिसत नाही. तिला बघायचं असतं ते वेगळंच : हा दगड ज्या पाण्यातून जमला, ते पाणी उकळलं होतं का?

ज्वालामुखीच्या खडकातलं अतिसमृद्ध सोनं बऱ्याचदा अशा उकळण्यातून साठतं. खाली शिलारस धगधगत असतो. त्याच्या उष्णतेनं तापलेलं पाणी भेगांमधून वर चढतं. सोनं त्यात विरघळलेलं असतं ते गंधकाच्या आधारानं, आणि तेही अब्ज भागांत जेमतेम काही भाग. खोलवर दाब असतो म्हणून २५० अंशांचं पाणीसुद्धा शांत राहतं. पृष्ठभागापासून साधारण साडेचारशे मीटरवर आलं की मात्र दाब पुरत नाही आणि ते उसळून उकळतं. सोडावॉटरची गोटी दाबल्यावर जसा वायू सुटतो, तसा गंधकाचा वायू वाफेबरोबर निघून जातो. आधार गेला की सोनं भेगेच्या भिंतीवरच बसतं. अशा उथळ साठ्यांना वॉल्डेमार लिंडग्रेन यांनी 'एपिथर्मल' हे नाव दिलं.

उकळण्याच्या खुणा दगडात राहतात, आणि त्या वाचणं हीच या कामातली खरी कारागिरी. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड एकदम सुटला की कॅल्साइटची पातळ पाती उभी-आडवी वाढतात. पुढे कॅल्साइट विरघळून त्याची जागा गार घेते, पण पात्यांचा साचा तसाच राहतो; भिंगाखाली सुऱ्यांची जाळी दिसते. सोबत अॅडुलेरिया नावाच्या फेल्डस्पारचे बारीक स्फटिक असतात. जपानी खाणकामगार काळसर चंदेरी पट्ट्यांना 'गिंगुरो' म्हणतात. पांढऱ्या गारेतली ती काळी रेघ सापडली, की तिच्या आसपास सोनं-चांदी असण्याची शक्यता मोठी.

हे नुसतं अनुमान नाही. न्यूझीलंडच्या ओहाकी भूऔष्णिक क्षेत्रात विहिरीतून वर येणाऱ्या पाण्याचा दाब एका धातूच्या चकतीपाशी एकदम उतरतो. त्या चकतीवर जमलेल्या कपच्यांमध्ये सोनं सापडलं. केविन ब्राउन यांनी १९८६ साली ते प्रसिद्ध केलं. किटलीला क्षार चढावेत तसं नळाला सोनं चढत होतं! पापुआ न्यू गिनीतल्या लिहीर बेटाखालचं गरम पाणी वर्षाला सुमारे २४ किलो सोनं वाहून आणतं, असं २००६ सालच्या मोजणीतून दिसलं. त्या वेगानं तिथला तेराशे टनांचा साठा पंचावन्न हजार वर्षांत तयार होऊ शकतो. भूशास्त्रात एवढा काळ म्हणजे दुपारची डुलकी.

जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या हिशिकारीत १९८१ साली अशा उकळण्यातून जमलेल्या सोन्याच्या शिरा सापडल्या आणि १९८५ साली उत्खनन सुरू झालं. तिथल्या टनभर दगडात वीस ग्रॅमच्या पुढे सोनं असतं. खाणीतून उपसलेलं सुमारे ६५ अंशांचं पाणी गावच्या स्नानगृहांना पुरवलं जातं. सोनं आणणारी भट्टी अजून विझलेली नाही.

मग ठाणाकुशनूरच्या काळ्या कातळात सोनं का नाही? हाही ज्वालामुखीचाच दगड, सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वीचा. पण दख्खनचा लाव्हा लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला. जपान किंवा न्यूझीलंडसारखा समुद्रतळ खाली सरकून पाण्यानं भारलेला शिलारस इथं तयार झाला नाही. एकाच जागी दीर्घकाळ उकळणारी भट्टीही मांडली गेली नाही. थरांतल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून पाणी झिरपलं आणि झिओलाइट, अकीक जमले. वज्रेश्वरीची कुंडं आजही गरम आहेत, पण ते पाणी खोल जाऊन तापून येतं. खाली शिलारस नाही.

सोनं आहे ते दक्षिणेला, रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला. तो खडकही मुळात लाव्हाच, पण अडीच अब्ज वर्षांहून जुना, दाबला आणि भाजला गेलेला. तिथलं सोनं अतिखोल पाण्यानं आणलं. त्याचा उथळ उकळण्याशी संबंध नाही. त्याच पट्ट्यात मस्कीला १९१५ साली सोनं शोधणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख सापडला. ही गोष्ट सांगताना ताईचा आवाज दर वेळी चढतो.

गारगोटी दाखवायला आलेले काका बांधावर उभं राहून सगळं ऐकून घेतात. ताईच्या हातातली गारगोटी परत घेऊन तिच्यावरच्या गोल, शांत वलयांवर अंगठा फिरवतात.

"म्हंजी हितलं पानी उकळलंच न्हाई."

"नाही, काका. हळूहळू झिरपत राहिलं."

"आलं कुठनं मग ते?"

ती भिंग परत खिशातून काढते आणि बांधावर बसते.