आधी सांधे स्वच्छ हवेत



विषय वाचून तुम्हाला वाटेल, बाई आज भाषेचा तास सोडून फरशी घासायला बसल्या की काय! तसंच समजा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण या फरशीनेच मला माझ्या वर्गातली एक चूक दाखवली.

आमच्या घराला बारा वर्षं झाली. स्वयंपाकघरातल्या टाइल्स अजून छान आहेत, पण दोन टाइल्समधले सांधे पांढऱ्याचे काळे झाले होते. सांध्यात जे भरतात त्याला ग्राउट म्हणतात. साधं ग्राउट सिमेंटचं असतं आणि त्याला खूप बारीक छिद्रं असतात. तेल, साबणाचं पाणी, पोछ्याचं मळकं पाणी त्यात मुरत जातं. चकचकीत टाइल पुसली की स्वच्छ होते, सांधा मात्र मळ पिऊन बसतो.

आमच्या घरी यावर एकच उपाय होता, ॲसिड. ओतलं की फेस यायचा, सांधे पांढरे दिसायचे आणि आम्ही खूश. पण ॲसिड मळाबरोबर सिमेंटही खात होतं. दरवर्षी सांधे खोल आणि खरखरीत होत गेले, मग मळ आणखी लवकर धरू लागला.

मागच्या दिवाळीआधी दुकानातून ग्राउटला लावायचा रंग आणला. ‘सांधे स्वच्छ व कोरडे असावेत’ असं डबीवर लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही. पण पाहुणे दोन दिवसांवर आलेले! ओला फडका फिरवला आणि लगेच ब्रश हातात घेतला. रात्री सासूबाई म्हणाल्या, “अगं, आपलंच घर ओळखू येईना!” मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण महिनाभरात ओट्यासमोरचा रंग पापुद्र्यासारखा सुटू लागला. खाली तोच काळेपणा.

त्याच दिवसांत शाळेत एक गोष्ट घडली. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. प्रश्नोत्तरं धडाधड सांगायचा. वर्गात कुणी साहेब आले की मी हमखास त्यालाच उभं करायचे. एक दिवस सहज म्हटलं, “बाळा, आज धडा मधून वाच.” त्याने सुरुवातीचंच वाक्य म्हणायला घेतलं, बोट मात्र पानाच्या मध्यावर होतं. मी थांबवलं तशी मान खाली घालून म्हणाला, “बाई, मला मधून नाही येत.”

त्याला धडा पाठ होता, वाचता येत नव्हतं. काना-मात्रा कच्च्या, जोडाक्षरं तर नाहीतच. आणि मी त्याच्याकडून उत्तरं घोकून घेऊन वर शाबासकी देत होते. ओल्या, मळक्या सांध्यावर रंग द्यावा तसंच ना हे? त्या रात्री खरंच झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज वीस मिनिटं अक्षरकार्डं घेऊन बसलो. त्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून आणखी तिघांना बरोबर घेतलं.

मे महिन्याच्या सुट्टीत फरशीही नीट करायला घेतली. कसं केलं ते सांगते, तुम्हाला उपयोग होईल. सुटलेला रंग आधी खरवडून काढला. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून सांध्यांना लावला, जुन्या टूथब्रशने घासला आणि साध्या पाण्याने दोनदा धुतलं. एक लक्षात ठेवा, ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. जिथे सांधे निघाले होते तिथे नवीन ग्राउट भरून पूर्ण वाळू दिलं. मग पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब आत मुरला तर रंग धरतो, वरच मोत्यासारखा राहिला तर धरत नाही. ते ओलं झालेलंही पुन्हा वाळू दिलं.

मग बारीक ब्रशने हातभर सांधा रंगवायचा, टाइलवर आलेला रंग लगेच ओलसर फडक्याने पुसायचा आणि पुढे सरकायचं. पहिला हात वाळल्यावर दुसरा हात दिला. डबीवर सांगितला तेवढा वेळ पाणी लागू दिलं नाही. या वेळी पांढऱ्याऐवजी राखाडी रंग घेतला, स्वयंपाकघरात तोच बरा. गुडघे दुखले, चार दिवस गेले, सासूबाई दोनदा ओरडल्या. पण रंग अजून टिकून आहे.

आणि तो मुलगा? वर्षाच्या शेवटी त्याने न शिकवलेल्या पुस्तकातलं अर्धं पान वाचलं. अडखळत, दोन जोडाक्षरांवर थांबत, पण स्वतः वाचलं. धडाधड उत्तरांपेक्षा ते अडखळणं मला जास्त गोड वाटलं.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार वाटणाऱ्या मुलालाही एकदा धडा मधून वाचायला सांगून पाहा.